गाव, लिपी आणि एक राखाडी कार्ड

संगणकीय खेळांविषयी लिहिण्याचा मला कोणताही अधिकार नाही. मी मराठीची प्राध्यापिका; हस्तलिखिते, पाठभेद, संहितेची निश्चिती हे माझ्या अध्यापनाचे विषय. घरात खेळाचे यंत्र कधी आले नाही आणि आले असते तरी मी त्याच्या वाटेला गेले नसते. तरीही गेली अनेक वर्षे एका खेळाच्या यंत्रात बसणारे, काड्यापेटीहूनही लहान असे एक राखाडी कार्ड माझ्या मनातून जात नाही. त्याची हकिगत मी आजवर कुठे लिहिली नाही, कारण ती माझ्याच चुकीची हकिगत आहे. आता लिहिते, कारण संहिता आणि लिपी यांच्याविषयी जे मी वर्गात शिकवत आले ते मला त्या कार्डाने नव्याने शिकवले.

माझा दादा २००० साली नोकरीनिमित्त तोक्योला गेला. संगणक क्षेत्रातली अनेक भारतीय कुटुंबे त्या सुमारास एदोगावा भागातल्या निशी-कासाई येथे राहू लागली होती. दादा-वहिनींनीही तिथेच घर घेतले. पुतणी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला जवळच्याच जपानी प्राथमिक शाळेत घातले. वर्षभरात ती जपानी मुलांसारखे जपानी बोलू लागली आणि हिरागाना-काताकाना या दोन्ही अक्षरमाला भराभर लिहू लागली. घरात मराठी बोलत असे, पण देवनागरी मात्र तिला कुणी शिकवली नव्हती. सुट्टीत शिकवू, असे वहिनी दर फोनला म्हणायची.

दादाने तिला निंटेंडो कंपनीचे गेमक्यूब नावाचे यंत्र आणून दिले होते. हे यंत्र जपानमध्ये सप्टेंबर २००१ मध्ये आणि अमेरिकेत त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विक्रीला आले. घनाकृती, मागच्या बाजूला डब्याला असते तशी मूठ, आणि आत बसणारी तबकडी जेमतेम आठ सेंटिमीटर व्यासाची. तिच्या आवडीचा खेळ 'दोबुत्सु नो मोरी प्लस'. नावाचा अर्थ प्राण्यांचे रान. खेळ म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर मारामारी येई. इथे तसे काहीच नव्हते. एक गाव असते. शेजारी सगळे प्राणी. आपण तिथे राहायला जायचे, मासे धरायचे, झाडे लावायची, शेजाऱ्यांना पत्रे लिहायची. यंत्रातले घड्याळ खऱ्या वेळेनुसार चालते, त्यामुळे इथे रात्र तर गावातही रात्र, इथे हिवाळा तर तिथेही बर्फ. फार दिवस गेला नाहीत तर गावात तण माजते आणि शेजारी विचारतात, इतके दिवस कुठे होतात? गाव सोडताना आपल्या दारातल्या मातीच्या पुतळीला सांगून जायचे; ती सगळे जपून ठेवते. न सांगता यंत्र बंद केले तर पुढच्या खेपेस जमिनीतून एक चिडका चिचुंद्रीसारखा प्राणी वर येतो आणि लांबलचक बोलणी खायला लावतो. ती मातीची पुतळी म्हणजे 'हानिवा'. जपानात तिसऱ्या ते सहाव्या शतकांत मोठ्या लोकांच्या दफनाच्या टेकाडांवर अशा मृण्मूर्ती मांडत. गावाच्या स्मृतीची राखण थडग्यावरच्या मूर्तीकडे सोपवावी, हे ज्याला सुचले त्याचे मला कौतुक वाटते. अर्थात हे मला फार उशिरा कळले.

२००३ च्या वसंतात आई दोन महिने तोक्योला राहून आली. भाषा येत नाही, बाहेर एकटीने जायची सोय नाही, दादा-वहिनी दिवसभर कामावर. दुपारी शाळेतून आलेली नात हाच तिचा दिवस. त्या खेळात एका गावात चार माणसांना घरे मिळतात. पुतणीने चौथे घर आजीच्या नावावर केले. आईने मला फोनवर सांगितले, "अगं, माझंही घर आहे इथे. दारात संत्र्याचं झाड लावलंय. ही रोज मला फिरवून आणते."

या घराच्या नावाची एक गंमत झाली होती. आपल्या 'आजी'तले दोन्ही स्वर दीर्घ. काताकानात ते दाखवायला प्रत्येक अक्षरापुढे आडवी रेघ द्यावी लागते. पुतणीने घाईत रेघा दिल्या नाहीत आणि नाव झाले 'अजि'. जपानीत अजि म्हणजे एक मासा. तिथल्या जेवणात नेहमी दिसणारा. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या आणि गावात मासा राहायला आला म्हणून हसून लोळल्या. जन्मभर अंड्यालाही हात न लावलेल्या आईला अर्थ सांगितला तेव्हा तीही डोळ्यांतून पाणी येईतो हसली. म्हणाली, "असू दे, बदलू नकोस. या वयात मत्स्यावतार."

गावातल्या गावात पत्रे पाठवता येत. आई मराठीत सांगायची, पुतणी हिरागानात टिपायची आणि आजीच्या नावाने स्वतःलाच धाडायची. दुसऱ्या दिवशी टपालपेटी उघडून ते पत्र मोठ्याने वाचून दाखवायची. आई परत आल्यावर हे सारे मला दोन-तीनदा सांगून झाले. ती पत्रे मराठीत होती आणि लिपी जपानी होती, हे त्या वेळी माझ्या कानांवरून गेले; त्यात काही विशेष आहे असे मला वाटले नाही.

२००४ मध्ये दादाची बदली अमेरिकेत झाली आणि कुटुंब न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. यंत्रही आले. पण खेळांचे जग प्रदेशांत वाटलेले असते. जपानी यंत्रात अमेरिकी तबकडी चालत नाही आणि अमेरिकी यंत्रात जपानी चालत नाही. त्या त्या बाजारपेठेतला माल तिथेच विकला जावा म्हणून घातलेले हे कुंपण. जपानी आणि अमेरिकी गेमक्यूब यांच्या जडणघडणीत मात्र जवळजवळ काहीच फरक नाही. दोन्ही देशांतली दूरचित्रवाणीची पद्धत एकच, म्हणून चित्राचाही प्रश्न नाही. आतल्या पाटीवरचा एक बारीकसा जोड तेवढा यंत्राला सांगतो की तू जपानी आहेस की अमेरिकी. त्या जोडावर तार डकवून बाहेर एक खटका आणला की यंत्र दुभाषी होते: खटका एकीकडे असताना सुरू केले तर जपानी, दुसरीकडे असताना सुरू केले तर अमेरिकी. दादाने ओळखीच्या एका जाणकाराकडून असा खटका बसवून घेतला. पुतणीला आता गावातल्या जुन्या घरीही जाता येत होते आणि नव्या शाळेतल्या मैत्रिणींचे खेळही खेळता येत होते.

दादाने तिला एक नियम मात्र घालून दिला होता: कार्डे दोन. एक जपानी खेळांचे, एक अमेरिकी खेळांचे. त्यांची सरमिसळ करायची नाही. दोन्ही कार्डे हुबेहूब सारखी, राखाडी. ओळखू यावे म्हणून पुतणीने जपानी कार्डावर कागदाची पट्टी चिकटवून दोन अक्षरे लिहिली होती: 'मु' आणि 'रा'. मुरा म्हणजे गाव.

आई जानेवारी २००५ मध्ये गेली. दादाला वेळेवर पोचता आले नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. एका दुपारी घरात मी एकटीच होते. पुतणी शाळेत, दादा-वहिनी कामावर. मला आईचे घर पाहायचे होते. पुतणीला सांगितले असते तर तिने दाखवले असते, पण तिच्यासमोर रडू यायची भीती वाटली. यंत्र सुरू कसे करतात हे मी दोन दिवस पाहत होते. पट्टी लावलेले कार्ड उचलले, कारण गावाचे कार्ड तेच हे मला ठाऊक होते. ते खाचेत घातले आणि कळ दाबली. आत कोणती तबकडी आहे हे पाहिले नाही. खटका कुठल्या बाजूला आहे हे पाहायचे असते, हेही मला माहीत नव्हते. तो अमेरिकी बाजूला होता.

पडद्यावर इंग्रजी मजकूर आला. हे कार्ड या स्थितीत वापरता येणार नाही, ते नव्याने सज्ज करायचे का, अशा आशयाचा. तसे केल्यास कार्डावरचे सारे जाईल हेही त्यात लिहिलेले होते. मी पहिले वाक्य वाचले, दुसरे वाचले नाही. 'दुरुस्त करू का' असे यंत्र विचारते आहे, असा अर्थ मी आपल्या मनाने लावला आणि 'होय' म्हटले. विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आले की वाक्य शेवटपर्यंत वाचा. समोर नसलेले वाचू नका आणि असलेले गाळू नका.

काही क्षणांत काम झाले. कार्ड रिकामे असल्याचे यंत्राने सांगितले. काय झाले ते मला तेव्हाही नीट उमगले नाही. पुतणी शाळेतून आली तेव्हा मीच तिला विचारले. तिने कार्ड काढून पाहिले, खटका फिरवला, पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "आत्या, गाव नाहीये." थोड्या वेळाने तिने विचारले, "आजीचं घरपण?" मी काहीच बोलू शकले नाही.

कुणी मला बोलले नाही. वहिनीने चहा केला. दादाने रात्री कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि वातावरण हलके करायला म्हणाला, "तुकोबांच्या वह्या तेराव्या दिवशी वर आल्या. बघू या." त्यावर हसण्याचे त्राण माझ्यात नव्हते. वहिनीने ते कार्ड शिवणाच्या डब्यात टाकले. त्यावर पुन्हा काही लिहिले जाऊ नये असे तिला का वाटले हे तिलाही सांगता येत नाही. पुतणीने तो खेळ पुन्हा कधी काढला नाही. पुढच्या वर्षांत फोनवर ती माझ्याशी बोलायची ते हळूहळू इंग्रजीत. तिच्या वयाच्या तिथल्या सगळ्याच मुलांचे तसे होते, असे मी स्वतःला समजावत असे.

यंत्राने ते कार्ड का नाकारले, हे मी पुढे समजून घेतले. माझा एक माजी विद्यार्थी जुनी यंत्रे जमवतो, त्याने ते चिकाटीने समजावले. ते इथे थोडक्यात सांगते, कारण साहित्याच्या अभ्यासकाने ऐकावे असे त्यात आहे.

गेमक्यूबच्या लहान कार्डात एकूण चौसष्ट रकाने असतात, प्रत्येक आठ किलोबाइटचा. पैकी पहिले पाच यंत्र स्वतःकडे ठेवते: एकात कार्डाची ओळख, एकात अनुक्रमणिका, एकात तिचीच प्रत, एकात कुठला रकाना कुणाचा याचा नकाशा आणि शेवटच्यात त्या नकाशाची प्रत. उरले एकोणसाठ. याच खेळाच्या अमेरिकी आवृत्तीतले एक गाव त्यांतले सत्तावन्न खाते. आमच्या जपानी गावानेही कार्ड जवळजवळ भरले होते. आता पहिल्या रकान्यातल्या ओळखीत एक बारीक नोंद असते. ती सांगते, या कार्डावरची नावे कोणत्या लिपिसंकेतात लिहिली आहेत. शून्य असेल तर रोमन अक्षरांचा संकेत, एक असेल तर जपानी अक्षरांचा, ज्याला शिफ्ट-जिस म्हणतात. जपानी यंत्र कार्ड जपानी संकेतात सज्ज करते, बाकीच्या प्रदेशांतले रोमन संकेतात. कार्ड तेच, खाच तीच, विजेचे बिंदू तेच. पण यंत्राचा संकेत आणि कार्डाचा संकेत जुळला नाही, की यंत्र आतले काही न वाचताच कार्ड परके ठरवते आणि नव्याने सज्ज करण्याची परवानगी मागते. ज्यांनी खटका बसवला त्यांच्या वाट्याला हे विशेष येते, कारण त्यांचे एकच यंत्र कधी एका लिपीत जागे होते, कधी दुसऱ्या. म्हणून दोन कार्डांचा नियम.

सगळी यंत्रे असे करीत नाहीत. त्याच विद्यार्थ्याने तुलनेसाठी सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचे कार्ड दाखवले. त्याची धारणा १२८ किलोबाइट. सोळा रकाने, पहिला अनुक्रमणिकेचा, पंधरा वापरायचे. ते कार्ड जगातल्या कुठल्याही प्रदेशाच्या यंत्रात चालते. जपानी, अमेरिकी, युरोपीय नोंदी त्यावर शेजारीशेजारी नांदतात. मात्र प्रत्येक नोंदीच्या नावाची सुरुवात प्रदेशाच्या खुणेने होते, आणि अमेरिकी आवृत्ती फक्त अमेरिकी खुणेची नोंद शोधते. खेळ तोच असला तरी जपानी नोंद तिच्या दृष्टीने नसल्यातच जमा. गंमत अशी, की या कार्डावर नोंदीचे शीर्षक सर्वत्र जपानी संकेतातच लिहिलेले असते, खेळ अमेरिकेतला असला तरीही. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली: त्या कार्डावरची नोंद पुसली की यंत्र अनुक्रमणिकेतली खूण तेवढी बदलते, मूळ मजकूर तसाच राहतो, दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत. हे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. तेव्हाच पुढचा प्रश्न विचारायला हवा होता.

आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद मराठीतच आहेत. पण ते मोडीत आहेत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली मोडी आज मराठी माणसाला वाचता येत नाही. भाषा तीच, कागद शाबूत, वाचणाऱ्याच्या डोक्यातला खटका मात्र दुसऱ्या बाजूला. भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारताच्या पोथ्यांची वर्गवारी केली ती लिपीनुसार: शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. पोथी ज्या लिपीत उतरली ती लिपी तिच्या प्रदेशाची आणि परंपरेची खूण ठरली. फार लांब कशाला, माझा प्रबंध मी १९९८ साली संगणकावर टंकलिखित करून घेतला. त्या काळच्या टंकांमध्ये पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरांचीच चिन्हे. टंक कालबाह्य झाला. आज ती फाइल उघडली तर चारशे पाने निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. एक शब्दही पुसला गेलेला नाही आणि एक शब्दही वाचता येत नाही.

त्या खेळाच्या बाबतीत तर भाषांतराचाही एक मासला आहे. मूळ खेळ एप्रिल २००१ मध्ये जपानात आला, 'प्लस' आवृत्ती त्याच डिसेंबरात. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेत तो 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' झाला. भाषांतरकारांनी केवळ शब्द बदलले नाहीत, सण बदलले, वस्तू बदलल्या; दुकानदार तानुकी हा खास जपानी प्राणी, त्याचे नाव आणि जातकुळीही बदलली. हे रूपांतर मूळ निर्मात्यांना इतके आवडले की २००३ मध्ये त्यांनी ते पुन्हा जपानीत आणले आणि नव्या नावाने प्रसिद्ध केले. अनुवादाचा अनुवाद होऊन मूळ घरी परतला. आमच्या गावाचे कार्ड मात्र या येण्याजाण्यात मधल्या चौकीवरच अडले.

मार्च २०१९ मध्ये पुतणीचा फोन आला. ती चोवीस वर्षांची झाली होती. बऱ्याच वर्षांनी ती माझ्याशी मराठीत बोलली, अडखळत. "आत्या, ते कार्ड आईच्या डब्यात सापडलं. मी एक वाचलं. तू 'होय' म्हटलंस तेव्हा मशीननं फक्त पहिले पाच ब्लॉक नवीन लिहिले असणार. बाकीचे तसेच असतील."

तसेच होते. निंटेंडोच्या पुढच्या यंत्राला, २००६ साली आलेल्या वी-ला, जुन्या कार्डांच्या खाचा ठेवलेल्या होत्या. त्यात कार्ड घालून हौशी मंडळींनी लिहिलेल्या एका प्रणालीने तिने कार्डाची जशीच्या तशी प्रत घेतली. पहिल्या पाच रकान्यांत मी करवून घेतलेला स्वच्छ कोरेपणा होता. सहाव्या रकान्यापासून गाव सुरू होत होते, सलग. नंतर त्यावर काहीच लिहिले गेले नव्हते, कारण वहिनीने कार्ड डब्यात टाकले होते. हरवली होती ती अनुक्रमणिका. दुसऱ्या एका जपानी गावाच्या नोंदीचा नमुना समोर ठेवून पुतणीने तेवढी नोंद नव्याने तयार केली: खेळाचा संकेत, त्यातले चौथे अक्षर जपानदर्शक, आरंभ कुठे, लांबी किती. मग सारे कार्डावर परत उतरवले. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर मुखपृष्ठ आणि पुष्पिका गेलेली पोथी तिने आतल्या मजकुरावरून ओळखली. तेरा दिवसांच्या जागी चौदा वर्षे लागली, एवढेच.

"तू सुरू करून पाहिलंस?" मी विचारले.

"नाही. तू ये," ती म्हणाली.

त्या जुलैत मी गेले. यंत्र दिवाणखान्यात मांडलेले होते. या वेळी खटका कुठे आहे हे मी आधी पाहिले. आतल्या घड्याळाची बॅटरी संपलेली, त्यामुळे यंत्राने तारीख विचारली. पुतणीने खरी तारीख घातली. गाव उघडले. सगळीकडे तण. पण चारही घरे जागच्या जागी होती, आणि चौथ्याच्या दारात संत्र्याचे झाड होते. आत कोणाच्या नावाने जायचे, असे खेळ सुरुवातीलाच विचारतो. चार नावांत शेवटचे 'अजि'. पुतणीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ती स्वतःच्याच नावाने आत गेली.

तिथे आम्हांला एक अडचण कळली, जी दोघींनाही आधी सुचली नव्हती. पुतणीला जपानी येत नव्हते. नऊ वर्षांची असताना सुटलेली भाषा पंधरा वर्षांत पार पुसली गेली होती. शेजारी काहीतरी विचारत होते, बहुधा इतके दिवस कुठे होतीस हेच, आणि ती नुसती पाहत होती. यंत्राने कार्ड ओळखले, पण जिने ते गाव वसवले तिलाच ते वाचता येईना.

जपून ठेवलेली आजीची पत्रे मात्र निघाली. अकरा होती. आम्ही हिरागानाचा तक्ता समोर ठेवला. ती एकेक अक्षर तक्त्यात शोधून उच्चारायची आणि मी ते देवनागरीत लिहून घ्यायची. तिला अक्षरे लागत होती, अर्थ लागत नव्हता. मला अक्षरे येत नव्हती, पण अर्थ कुठे दडला असेल ते ऐकू येत होते. जपानीत ल नाही, ळ नाही, सुटे व्यंजन जवळजवळ नाही, ख-घ-ठ-ध नाहीत. नऊ वर्षांच्या लेखनिकेने आजीचे बोलणे त्या मोजक्या अक्षरांत बसवले होते. पुतणी वाचायची, "बारु". मी लिहायची, "बाळ". ती वाचायची, "जेवारिसु का". मी म्हणायची, "जेवलीस का". हे काम मी जन्मभर करत आले होते. लेखनिकाच्या सवयी ओळखायच्या, कोणते अक्षर कशाच्या जागी येते याची यादी करायची आणि मग मूळ पाठाकडे जायचे. फक्त या वेळी लेखनिका माझ्या शेजारी बसलेली होती आणि मूळ पाठ माझ्या आईचा होता.

पत्रांत मोठे काही नाही. थंडी आहे, स्वेटर घाल. डब्यातली पोळी टाकू नकोस. तुझी आत्या तुझ्यासाठी पुस्तके पाठवणार आहे. हे वाचून मी थांबले. आईने मला सांगितले होते आणि मी पाठवली नव्हती.

शेवटच्या पत्रात एक वाक्य अडले. परतीच्या आदल्या दिवशीचे असावे, कारण सामान बांधल्याचे त्यात होते. पुतणीने वाचले, "घरी गेल्यावर मला करामातो नाही." मी आधी 'करामत' ऐकले, काही केल्या ते बसेना. 'करते' असेल का, 'कळत' असेल का, असे पर्याय लिहून पाहिले. मग ती तेच वाक्य पुन्हा, जरा भरभर म्हणाली आणि मला आईचा आवाज ऐकू आला. करमत नाही. घरी गेल्यावर मला करमत नाही, म्हणजे करमणार नाही. भविष्यकाळ एक तर आईने टाळला असेल, नाही तर लेखनिकेने गाळला असेल. मी तो तसाच ठेवला.

"करमत म्हणजे?" पुतणीने विचारले.

मी सांगू लागले. वेळ जात नाही. नाही, तसे नाही. आठवण येते, तेही नाही. कंटाळा नव्हे. एखादे माणूस नसले की घरात सगळे जागच्या जागी असूनही... मी दोन-तीनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "कळलं. तू गेलीस ना तेव्हा, त्या वर्षी. मी आईला सांगितलं होतं, आत्यावर रागावले नाहीये, पण..." आणि तिने तो शब्द वापरून पाहिला. व्याकरण चुकले होते. मी दुरुस्त केले नाही.

संध्याकाळी तिने गावातले तण काढायला घेतले. सगळे एका दिवसात निघण्यासारखे नव्हते. यंत्र बंद करण्याआधी दारातल्या मातीच्या पुतळीला सांगायचे ती विसरली नाही. कार्ड काढून तिने त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. जुनी पट्टी पिवळी पडून सुटत आली होती. तिने नवी कापली, त्यावर ती दोन जपानी अक्षरे पुन्हा लिहिली आणि पेन माझ्याकडे दिले. मी त्यांच्याखाली देवनागरीत लिहिले: गाव. तिने ती दोन अक्षरे आपल्या वहीत उतरवून घेतली, आधी 'ग' आणि मग काना कसा द्यायचा ते मला विचारून.